आयव्हर माँटेग्यू : चित्रपटनिर्मिती आणि शांतता-चळवळ

चित्रपटनिर्माता म्हणजे पैसा, वेळ आणि माणसे ह्यांची सांगड घालणारा व्यवहारी मनुष्य आणि शांततेचा कार्यकर्ता म्हणजे व्यवहारापासून दूर राहणारा ध्येयवादी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे आयव्हर माँटेग्यू (१९०४–१९८४) ह्या इंग्रज चित्रपटनिर्मात्याच्या चरित्रावरून दिसून येते. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांच्या चार गाजलेल्या चित्रपटांच्या निर्मितीत त्यांचा भाग होता. सर्गेई आयझेन्स्टाइन ह्यांच्याबरोबर ते हॉलिवुडमध्ये राहिले. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी स्वतः चित्रीकरण केले आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे ते जागतिक शांतता मंडळाच्या कार्यात अग्रभागी होते. ह्याखेरीज आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे ते संस्थापक-अध्यक्ष होते आणि त्या नात्याने मुंबईच्या क्रीडा-इतिहासातही त्यांचे स्थान आहे.

ह्या कार्यांची केवळ यादी केली, तर ते एखाद्या छंदिष्ट श्रीमंताचे चरित्र वाटेल. परंतु त्यांत एक सूत्र आहे. शासनाने, व्यापाराने किंवा राष्ट्रांतील वैराने बंद केलेल्या दारांतून चित्रे, माणसे आणि विचार पलीकडे नेणे, हे माँटेग्यू ह्यांचे आयुष्यभराचे काम होते. ते त्यांना कोठे साधले व कोठे साधले नाही, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे. हा प्रश्न एका व्यक्तीपुरता मर्यादित नाही. शांततेच्या कोणत्याही कार्याला लोकांचा विश्वास कशामुळे मिळतो व कशामुळे तो गमावला जातो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

१. घराणे व शिक्षण

माँटेग्यू ह्यांचा जन्म २३ एप्रिल १९०४ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे आजोबा सॅम्युएल माँटेग्यू हे यहुदी पेढीवाले होते. त्यांनी स्थापिलेली पेढी लंडनच्या सराफी व्यवहारात प्रतिष्ठित होती आणि त्यांना बॅरन स्वेदलिंग हा किताब मिळाला होता. तो किताब पुढे आयव्हर ह्यांच्या वडिलांकडे, लुई माँटेग्यू ह्यांच्याकडे आला. भारतीय वाचकांना ह्या घराण्यातील दुसरे नाव अधिक परिचित आहे. १९१७ ते १९२२ ह्या काळात भारतमंत्री असलेले आणि ज्यांच्या नावाने माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा ओळखल्या जातात, ते एडविन माँटेग्यू हे आयव्हर ह्यांचे सख्खे काका होत.

आयव्हर हे तिघा भावांतील धाकटे. वेस्टमिन्स्टर शाळा आणि नंतर केंब्रिजचे किंग्ज महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा अभ्यासविषय प्राणिशास्त्र हा होता. नमुने गोळा करणे, त्यांची तुलना करणे आणि वर्गीकरण करणे ह्या शास्त्रीय सवयींचा ठसा पुढे त्यांच्या चित्रसंपादनावर उमटलेला दिसतो. विद्यार्थिदशेतच त्यांना समाजवादी विचारांची ओढ लागली. लवकरच ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि अखेरपर्यंत त्या पक्षाशी एकनिष्ठ राहिले. पेढीवाल्याच्या घरात जन्म आणि कामगारपक्षाशी निष्ठा, हा विरोध त्यांनी कधी लपविला नाही. घरची संपत्ती व ओळखी ह्यांचा उपयोग त्यांनी आपल्या कार्यासाठी उघडपणे केला.

२. फिल्म सोसायटी

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी व रशिया ह्या देशांत चित्रपटकलेने मोठी झेप घेतली होती. परंतु ते चित्रपट इंग्लंडमधील प्रेक्षकांपर्यंत पोचत नव्हते. वितरकांना त्यांत नफा दिसत नव्हता आणि ब्रिटिश चित्रपट-परीक्षण मंडळाला राजकीय विषयांचे भय वाटत होते. ह्यावर उपाय म्हणून १९२५ साली लंडन येथे फिल्म सोसायटीची स्थापना झाली. माँटेग्यू तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. नट ह्यू मिलर, समीक्षक आयरिस बॅरी, दिग्दर्शक एड्रियन ब्रुनेल, चित्रपटगृहांचे मालक सिडनी बर्नस्टाइन इत्यादी त्यांचे सहकारी होते. एच. जी. वेल्स, बर्नार्ड शॉ व अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांनीही आरंभीच्या सभासदांत आपली नावे घातली. पहिला खेळ २५ ऑक्टोबर १९२५ रोजी झाला.

संस्थेची रचना साधी होती. खेळ रविवारी दुपारी होत. तिकिटे बाहेर विकली जात नसत. वर्गणीदार सभासदांनाच प्रवेश असे. खेळ खाजगी स्वरूपाचा असल्यामुळे परीक्षण मंडळाची संमती नसलेले चित्रपटही स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीने दाखविता येत. ‘बॅटलशिप पोतेमकिन’ हा आयझेन्स्टाइन ह्यांचा चित्रपट मंडळाने १९२६ साली नाकारला होता. तोच चित्रपट १० नोव्हेंबर १९२९ रोजी सोसायटीच्या पडद्यावर आला. त्याच कार्यक्रमात जॉन ग्रियरसन ह्यांचा मच्छीमारांच्या जीवनावरील ‘ड्रिफ्टर्स’ हा अनुबोधपटही दाखविण्यात आला आणि ब्रिटिश अनुबोधपटाच्या परंपरेचा आरंभ बहुधा ह्याच दिवसापासून मानला जातो.

ह्या व्यवस्थेतील एक विसंगती माँटेग्यू ह्यांच्या ध्यानात आली. जी परवानगी प्रतिष्ठितांच्या सोसायटीला मिळे, ती अल्प वर्गणीच्या कामगार-संस्थांना लंडनमधील अधिकारी नाकारीत. म्हणजे चित्रपट धोकादायक आहे की नाही, हे तो कोण पाहणार ह्यावर ठरत होते. १९२९ साली त्यांनी चित्रपटांवरील राजकीय नियंत्रणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध करून ह्या पक्षपातावर बोट ठेवले. त्याच सुमारास रशियन दिग्दर्शक पुदोवकिन ह्यांच्या चित्रपट-तंत्रावरील लेखनाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. ह्या पुस्तकाचा प्रसार इंग्लंडबाहेरही झाला. भारतात १९४७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीने ‘पोतेमकिन’ दाखवूनच आपल्या कार्याला आरंभ केला. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सत्यजित राय ह्यांनी तरुणपणी पुदोवकिन ह्यांचे हे विवेचन अभ्यासले होते. लंडनची सोसायटी १९३९ साली बंद पडली. परंतु सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, नफ्याची अपेक्षा न ठेवणारी प्रेक्षक-संस्था हा तिने घालून दिलेला नमुना अनेक देशांत रुजला.

३. निर्माता

चित्रपटव्यवसायात माँटेग्यू ह्यांनी संपादकाच्या टेबलापासून प्रवेश केला. हिचकॉक ह्यांचा ‘द लॉजर’ हा चित्रपट १९२६ साली तयार झाला, तेव्हा वितरकाने तो दुर्बोध ठरवून बाजूला ठेवला. निर्माते मायकेल बाल्कन ह्यांनी तो माँटेग्यू ह्यांच्याकडे दुरुस्तीसाठी सोपविला. मूकपटात संवाद व निवेदन लिखित पाट्यांच्या द्वारे द्यावे लागे. माँटेग्यू ह्यांनी पाट्यांची संख्या शेकड्यांवरून सुमारे ८० पर्यंत खाली आणली, काही दृश्ये पुन्हा घेण्याची सूचना केली आणि उरलेल्या पाट्यांची सजावट मॅकनाइट कॉफर ह्या चित्रकाराकडून करवून घेतली. जे चित्राने सांगता येते ते शब्दाने सांगू नये, हे त्यामागील तत्त्व होते. चित्रपट यशस्वी झाला व हिचकॉक ह्यांचे नाव सर्वत्र झाले.

१९२९ साली स्वित्झर्लंडमधील ला साराझ येथे भरलेल्या स्वतंत्र चित्रपटांच्या परिषदेत माँटेग्यू व आयझेन्स्टाइन हे दोघेही उपस्थित होते. पुढील वर्षी पॅरामाउंट कंपनीने आयझेन्स्टाइन ह्यांना हॉलिवुडला बोलाविले, तेव्हा माँटेग्यू त्यांच्या साहाय्यास गेले. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधावर एक आणि थिओडोर ड्रायझर ह्यांच्या कादंबरीवर एक, अशा दोन पटकथा त्यांनी मिळून सिद्ध केल्या. कंपनीने दोन्ही नाकारल्या आणि १९३० च्या ऑक्टोबरात करार संपुष्टात आला. कलावंताची योजना आणि उद्योगाचे हिशेब ह्यांचा मेळ बसत नाही तेव्हा काय घडते, ह्याचा हा अनुभव माँटेग्यू ह्यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात ग्रंथरूपाने नोंदविला.

१९३४ ते १९३६ ह्या वर्षांत गोमाँ-ब्रिटिश कंपनीत बाल्कन ह्यांच्या हाताखाली सहनिर्माता म्हणून त्यांनी हिचकॉक ह्यांच्याबरोबर पुन्हा काम केले. ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९३४), ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५), ‘सीक्रेट एजंट’ (१९३६) आणि ‘सॅबोटाज’ (१९३६) हे ते चार चित्रपट होत. सहनिर्मात्याचे काम प्रेक्षकांना दिसत नाही. कथेची निवड, पटकथेची छाननी, खर्चाचा अंदाज, चित्रीकरणाचे वेळापत्रक आणि नटांची जुळवाजुळव ही कामे त्याच्याकडे असतात. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले पीटर लॉरे ह्यांचे नाव ह्या मालिकेतील पहिल्या चित्रपटासाठी माँटेग्यू ह्यांनीच हिचकॉक ह्यांना सुचविले. इंग्लंडमध्ये आलेल्या निर्वासित कलावंताला काम मिळाले आणि चित्रपटाला त्याचा खलनायक मिळाला. ‘सॅबोटाज’ नंतर माँटेग्यू व हिचकॉक ह्यांचे सहकार्य थांबले. त्या वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि माँटेग्यू ह्यांच्या निर्मितीला वेगळे वळण लागले.

४. सोळा मिलिमीटरची फीत

हे वळण समजण्यासाठी एका तांत्रिक बाबीचा उलगडा आवश्यक आहे. त्या काळची पस्तीस मिलिमीटर रुंदीची व्यावसायिक फीत नायट्रेटची असे व ती सहज पेट घेई. आगीपासून प्रेक्षकांचे रक्षण व्हावे म्हणून १९०९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि ज्वालाग्राही फीत दाखविणाऱ्या जागेला परवाना आवश्यक ठरविला. स्थानिक अधिकारी परवाना देताना चित्रपटाच्या आशयावरही अटी घालू लागले. अशा रीतीने आगीचा कायदा विचारांवरील नियंत्रणाचे साधन बनला. परंतु सोळा मिलिमीटरची फीत न पेटणाऱ्या पदार्थाची असल्यामुळे ती ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. कामगारांची सभागृहे, शाळा, प्रार्थनामंदिरे अशा कोणत्याही जागी लहान यंत्रावर ती दाखविता येत असे.

ह्या पळवाटेचा पद्धतशीर उपयोग करण्यासाठी माँटेग्यू ह्यांनी प्रोग्रेसिव्ह फिल्म इन्स्टिट्यूट ही संस्था चालविली. १९३६ च्या अखेरीस नॉर्मन मॅक्लॅरेन ह्या तरुण छायाचित्रकाराला घेऊन ते माद्रिदला गेले. शहरावर विमानांतून बाँब पडत होते. ‘डिफेन्स ऑफ माद्रिद’ हा लघुपट त्यांनी सोळा मिलिमीटरच्या फितीवर घेतला व थोड्याच आठवड्यांत इंग्लंडमध्ये आणला. गावोगावच्या सभांत तो दाखवून स्पेनच्या साहाय्यासाठी काही हजार पौंडांचा निधी गोळा झाला. १९३८ साली थॉरोल्ड डिकिन्सन, सिडनी कोल इत्यादी व्यावसायिक तंत्रज्ञांचे पथक संस्थेने स्पेनला धाडले. त्यातून ‘स्पॅनिश एबीसी’ आणि ‘बिहाइंड द स्पॅनिश लाइन्स’ हे लघुपट सिद्ध झाले. पहिल्याचा विषय युद्धकाळातही चालू असलेली साक्षरतेची मोहीम हा होता. १९३९ सालचा ‘पीस अँड प्लेंटी’ हा चेंबरलेन मंत्रिमंडळावरील उपहासपट होता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एका पक्षाच्या शस्त्रबळाला साहाय्य मागणारे चित्रपट शांततेचे म्हणावेत काय? माँटेग्यू ह्यांचे उत्तर असे होते की, आक्रमकाला अडविल्याने मोठे युद्ध टळते. त्याला सवलती दिल्याने ते जवळ येते. युरोपच्या पुढील इतिहासाने ह्या निदानाला बरेचसे बळ दिले. परंतु ह्या भूमिकेत शांतता ही सर्वस्वी राजकीय धोरणावर अवलंबून राहते, आणि धोरण बदलले की शांततेचा अर्थही बदलतो. ह्याचा प्रत्यय लवकरच आला.

५. युद्धकाळ व गुप्त संदेश

ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएट संघ ह्यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने प्रथम त्याला पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या धोरणानुसार हे साम्राज्यवाद्यांचे युद्ध आहे असे जाहीर केले. आणि २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केल्यानंतर पुन्हा युद्धाचा पुरस्कार केला. माँटेग्यू ह्या तिन्ही अवस्थांत पक्षाबरोबर राहिले. तीन वर्षांपूर्वी फॅसिस्टांना रोखण्यासाठी माद्रिदला गेलेल्या माणसाची ही भूमिका त्यांच्या अनेक मित्रांना समजू शकली नाही.

त्याच काळातील आणखी एक बाब पुष्कळ वर्षांनंतर उघडकीस आली. लंडनमधील सोव्हिएट लष्करी हेरखात्याने १९४० व १९४१ साली मॉस्कोला पाठविलेले काही सांकेतिक संदेश पुढे उकलण्यात आले आणि १९९० नंतरच्या दशकात ते प्रसिद्ध झाले. त्यांत माहिती पुरविणाऱ्या एका ब्रिटिश गटाचा उल्लेख आहे. गटातील व्यक्तींना टोपणनावे दिलेली आहेत. त्यांपैकी कोणते नाव कोणाचे ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद असला, तरी माँटेग्यू त्या गटात होते असे बहुतेकांचे मत आहे. त्यांच्यावर कधीही खटला झाला नाही. विलक्षण गोष्ट अशी की, त्यांचे थोरले बंधू इवन माँटेग्यू हे त्याच युद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. सिसिलीवरील स्वारीपूर्वी, १९४३ साली, एका मृतदेहाबरोबर बनावट कागदपत्रे धाडून जर्मन सेनानींची दिशाभूल करण्याच्या प्रसिद्ध योजनेचे ते एक सूत्रधार होते.

युद्धानंतर माँटेग्यू काही काळ ईलिंग चित्रसंस्थेशी संबंधित होते. ‘मॅन – वन फॅमिली’ (१९४६) हा त्यांचा लघुपट वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे शास्त्रीय खंडन करतो. प्राणिशास्त्राचा अभ्यासक, निर्माता आणि प्रचारक अशा त्यांच्या तिन्ही भूमिका ह्या लहानशा कृतीत एकत्र आल्या आहेत. ‘स्कॉट ऑफ दि अँटार्क्टिक’ (१९४८) ह्या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा सहभाग होता.

६. जागतिक शांतता मंडळ

हिरोशिमानंतर युद्धाचा प्रश्न मानवजातीच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिस येथे शांतता-समर्थकांची जागतिक परिषद भरली. अणुशास्त्रज्ञ फ्रेडरिक झोलिओ-क्यूरी हे तिचे अध्यक्ष होते आणि चित्रकार पिकासो ह्यांचे कबूतर तिचे बोधचिन्ह बनले. मार्च १९५० मध्ये स्टॉकहोम येथून अणुशस्त्रांवर संपूर्ण बंदीची मागणी करणारे आवाहन निघाले. त्यावर सुमारे ५० कोटी सह्या झाल्याचा दावा संघटनेने केला. त्यांतील फार मोठा भाग सोव्हिएट गटातील देशांचा होता. ह्या कार्यात माँटेग्यू आरंभापासून होते. मंडळाच्या कार्यवाह-वर्गात त्यांनी १९६७ पर्यंत काम केले.

नोव्हेंबर १९५० मध्ये दुसरी जागतिक परिषद इंग्लंडमधील शेफील्ड येथे भरावयाची होती. अॅटली मंत्रिमंडळाने परिषदेवर उघड बंदी घातली नाही. परंतु परदेशी प्रतिनिधींपैकी अनेकांना देशात प्रवेश नाकारला. खुद्द झोलिओ-क्यूरी ह्यांना डोव्हरहून परत जावे लागले. पिकासो ह्यांना मात्र येऊ दिले. अखेर परिषद वॉर्सा येथे हलविण्यात आली व तेथे जागतिक शांतता मंडळाची स्थापना झाली. चित्रपटांना बंद असलेली दारे उघडण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्या माँटेग्यू ह्यांच्यापुढे आता त्यांच्याच देशाने माणसांसाठी दार बंद केले होते.

ह्या मंडळाचे सगळे सभासद कम्युनिस्ट होते असे नव्हे. अनेक देशांतील शास्त्रज्ञ, लेखक व धर्मोपदेशक प्रामाणिक चिंतेपोटी त्यात आले होते. गोव्यात जन्मलेले व पुण्यात वास्तव्य असलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत असतानाच ते जागतिक शांतता मंडळाच्या कार्यात सहभागी झाले. अणुशक्तीपेक्षा सौरशक्तीचा अवलंब भारताला अधिक हितकर होईल, असे प्रतिपादन त्यांनी निर्भयपणे केले. अशा व्यक्तींमुळे मंडळाला नैतिक वजन प्राप्त झाले होते.

परंतु मंडळाची कसोटी त्याच्या मौनावरून होणे अपरिहार्य होते. अमेरिकेच्या युद्धनीतीवर मंडळ जितक्या स्पष्टपणे बोले, तितक्या स्पष्टपणे ते सोव्हिएट संघाच्या कृतींवर बोलत नसे. १९५६ साली सोव्हिएट रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव मोडून काढला, तेव्हा मंडळात एकमत होऊ शकले नाही. १९५९ साली माँटेग्यू ह्यांना लेनिन शांतता पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते पारितोषिक सोव्हिएट पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव्ह ह्यांनाही देण्यात आले. एका शासनाने आपल्याच प्रमुखाला शांततेचे पारितोषिक द्यावे, ह्यात त्या पारितोषिकाची मर्यादा उघड झाली.

दरम्यान ब्रिटनमध्ये १९५८ साली अण्वस्त्रविरोधी चळवळीची स्वतंत्र संघटना उभी राहिली व त्याच वर्षी ऑल्डरमॅस्टनची पदयात्रा निघाली. ह्या चळवळीतील लोकांनी दोन्ही बाजूंच्या बाँबचा निषेध केला. जुलै १९६२ मध्ये मॉस्को येथे जागतिक शांतता मंडळाच्या पुढाकाराने परिषद भरली असता, ब्रिटनच्या ‘शंभरांची समिती’ ह्या गटाच्या काही कार्यकर्त्यांनी लाल चौकात सोव्हिएट अणुचाचण्यांविरुद्ध निदर्शने केली. जे काम मंडळाला बारा वर्षांत करता आले नव्हते, ते मूठभर पाहुण्यांनी करून दाखविले. इंग्लंडमधील तरुणांचा विश्वास मंडळाकडून ह्या नव्या चळवळीकडे का वळला, ह्याचे स्पष्टीकरण ह्या एका प्रसंगात मिळते.

७. टेबल टेनिसचा मार्ग

माँटेग्यू ह्यांच्या शांतताकार्याचा सर्वांत टिकाऊ भाग ज्या क्षेत्रात झाला, त्याला शांततेचे क्षेत्र असे कोणी म्हटले नव्हते. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी टेबल टेनिसचे नियम सिद्ध केले. डिसेंबर १९२६ मध्ये लंडन येथे पहिल्या जागतिक स्पर्धा झाल्या व त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. सांघिक विजेत्यांचा स्वेदलिंग चषक माँटेग्यू ह्यांच्या मातोश्रींनी दिलेला होता. भारत हा महासंघाच्या संस्थापक सभासदांपैकी एक होता आणि पहिल्या स्पर्धेत भारतीय संघ खेळलाही होता. १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, माँटेग्यू महासंघाचे अध्यक्ष राहिले.

महासंघाचे सभासदत्व राष्ट्रांना नव्हते, तर एखाद्या प्रदेशात खेळाचा कारभार पाहणाऱ्या संघटनांना होते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या ह्या तरतुदीचे परिणाम दूरगामी ठरले. कोणते शासन कोणाला मान्य आहे, हा राजनीतीचा वाद त्यामुळे खेळाच्या दाराशीच थांबे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक स्पर्धा मुंबई येथे झाल्या. आशियात त्या प्रथमच भरत होत्या. जपानवरील दोस्तांचा ताबा तेव्हा औपचारिकरीत्या संपलेलाही नव्हता. तरीही जपानी खेळाडू मुंबईस आले आणि स्पंज लावलेल्या फळीने खेळणाऱ्या हिरोजी सातो ह्यांनी पुरुषांचे एकेरी अजिंक्यपद जिंकले. पराभूत राष्ट्राचा खेळाडू भारतातील एका व्यासपीठावर जगज्जेता म्हणून उभा राहिला. पुढील वर्षीच्या बुखारेस्ट येथील स्पर्धेत चीनच्या लोकसत्ताकाचा संघ उतरला. चीनला संयुक्त राष्ट्रसंघात स्थान मिळण्यास अद्याप अठरा वर्षे होती. १९५९ साली रोंग ग्वोत्वान ह्यांच्या रूपाने चीनला पहिला जगज्जेता लाभला आणि १९६१ च्या स्पर्धा पेकिंगला भरल्या.

ह्या दीर्घ तयारीचे फळ १९७१ साली दिसले. जपानमधील नागोया येथील स्पर्धेत अमेरिकन व चिनी खेळाडूंची भेट झाली, अमेरिकन संघाला चीनचे निमंत्रण मिळाले आणि १० एप्रिल १९७१ रोजी त्याने चीनच्या भूमीवर पाऊल ठेवले. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले. दोन शासनांना परस्परांशी बोलावयाचे होते व त्यासाठी निमित्त हवे होते, हे खरे. परंतु ते निमित्त सापडावे असे व्यासपीठ अस्तित्वात होते, ह्याचे श्रेय बऱ्याच अंशी माँटेग्यू ह्यांच्या महासंघाकडे जाते. तोपर्यंत ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले होते.

ह्याही कार्यात त्यांचे राजकारण सर्वस्वी अलिप्त होते असे मानण्याचे कारण नाही. चीनला सामावून घेण्याची त्यांची तळमळ त्यांच्या राजकीय निष्ठेतूनच उगम पावली होती. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागाला तर त्यांच्या टेबल टेनिसच्या पत्रव्यवहाराचाही संशय येई. परंतु महासंघाचे नियम सर्वांना सारखे होते. अमेरिकन, हंगेरियन, जपानी, चिनी व भारतीय हे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहत आणि गुण मोजणाऱ्याला त्यांच्या शासनाशी कर्तव्य नसे.

८. मूल्यमापन

माँटेग्यू ह्यांचे ५ नोव्हेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधील वॉटफर्ड येथे निधन झाले. ‘फिल्म वर्ल्ड’ (१९६४) ह्या त्यांच्या ग्रंथाने चित्रपटाकडे कला, उद्योग व सामाजिक शक्ती अशा तिन्ही दृष्टींनी पाहण्याची सवय अनेक वाचकांना लावली.

त्यांच्या कारकिर्दीतील तीन संस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर निष्कर्ष आपोआप पुढे येतो. फिल्म सोसायटीने सोव्हिएट, जर्मन, फ्रेंच व ब्रिटिश अशा सर्व चित्रपटांना जागा दिली; तेथे पसंती कलागुणांना होती. टेबल टेनिस महासंघाने सर्व संघटनांना एकच नियम लावला. ह्या दोन्ही संस्थांचा संस्थापक कम्युनिस्ट आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तरी विरोधी मताचे लोकही त्यांत निःशंकपणे वावरले, कारण संस्थेचा नियम संस्थापकाच्या मतापेक्षा मोठा होता. जागतिक शांतता मंडळाच्या बाबतीत तसे घडले नाही. त्याचा हेतू ह्या दोघींपेक्षा कितीतरी थोर होता, कार्यकर्तेही निष्ठावान होते. परंतु एका शासनाच्या चुकांविषयी बोलण्याचे दार तेथे बंद होते. ते दार जितका काळ बंद राहिले, तितके इतर बाबतींतील त्याचे खरे बोलणेही लोकांना संशयास्पद वाटू लागले.

म्हणून माँटेग्यू ह्यांना निव्वळ शांततेचा पुजारी ठरविणे किंवा निव्वळ परकीय सत्तेचा हस्तक ठरविणे, हे दोन्ही निर्णय अपुरे आहेत. बाँबच्या वर्षावात माद्रिदमध्ये कॅमेरा घेऊन उभा राहणारा आणि १९३९ नंतर पक्षाबरोबर भूमिका बदलणारा मनुष्य एकच होता. त्याच्या जीवनातून निघणारा बोध मात्र स्पष्ट आहे. शांततेचे कार्य करणाऱ्याला स्वतःची मते असण्यास हरकत नाही, ती असणारच. परंतु तो जी संस्था उभारील, तिचा नियम त्याच्या स्वतःच्या पक्षालाही लागू झाला पाहिजे. चित्रपटाच्या पडद्यापुढे व खेळाच्या टेबलापाशी माँटेग्यू ह्यांनी हा नियम पाळला आणि त्याचे फळ जगाला मिळाले. शांततेच्या व्यासपीठावर तो त्यांच्याकडून पाळला गेला नाही, आणि जेथे त्याची सर्वाधिक गरज होती तेथेच त्यांचे परिश्रम उणे पडले.